सारंगांची गाठ

सारंगांना सुटी दोरी बघवत नसे. हातातला चहा खाली ठेवून ते उठत, दोरी खुंट्याला दोन फेर घालून आवळत आणि मगच उरलेला चहा पीत. "सुटी दोरी माणूस खाता," असे म्हणत. मालवाहू बार्जवरचा एक खलाशी दोरीत पाय अडकून पाण्यात ओढला गेलेला त्यांनी पाहिला होता.

ते गोव्यातल्या सर्वण गावचे. खनिजाच्या बार्जवर सारंग, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, म्हणून त्यांनी मुरगाव बंदरापर्यंत किती खेपा केल्या, ते त्यांनाही ठाऊक नव्हते. खाणी बंद पडल्या, तेव्हा ते आमच्या चाचणीच्या बोटीवर आले. समुद्रतळाशी ऑप्टिकल फायबरची केबल टाकून जहाजांचा आवाज टिपता येतो का, हे आम्ही तपासत होतो. पाण्यातल्या आवाजाने केबलमधला प्रकाश किंचित बदलतो आणि तो बदल पडद्यावर रेघेने उमटतो.

सारंग वल्ह्याने ऐकत. पाते पाण्यात बुडवून दुसरे टोक जबड्याच्या हाडाला लावत. "जहाजां ओढपी टग आसा. पंख्याचं एक पातं मोडलां." बहुतेक वेळा बरोबर निघे.

"सारंग, केबलऐवजी तुम्हालाच तळाशी सोडायला हवं," आमच्या प्रमुख मॅडम म्हणत.

"सोडा. फकत च्या धाडा सकयल."

शेवटच्या चाचणीला एक मालवाहू जहाज मुरगावहून निघून आमच्या जवळून जाणार होते. एकदाच. नोंद मिळाली नाही, तर प्रकल्प तिथेच थांबणार होता. पाऊण तास उरला असताना पडद्यावरची रेघ सपाट झाली. आम्ही जोडण्या उघडल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या. जहाज नजरेच्या टप्प्यात आले.

"केबल कुठेतरी जोरात वाकलीय," मॅडम म्हणाल्या. "प्रकाश पुढे जातच नाही."

सारंगांनी वल्हे खाली ठेवले. "मॅडम, ती पिवळी दोरी सुटी होती. मीच बांधली."

ताडपत्रीखाली आमची पिवळी केबल खुंट्याला आवळलेली होती. चोख दोन फेर. ती वाकवायची नाही, हे बोटीवरच्या प्रत्येकाला सांगण्याचे काम माझे होते. सारंगांना सांगायचे राहिले होते.

त्यांनी फेर सोडले. पडदा जागा झाला आणि थोड्याच वेळात त्यावर जहाजाची रेघ चढू लागली.

अहवालात मी लिहिले: बोटीवरील कर्मचाऱ्याने केबल बांधल्याने व्यत्यय आला. ते खरे होते. सूचना दिली नव्हती, हेही खरे होते. ते मी लिहिले नाही. पुढच्या हंगामात सारंगांना बोलावणे गेले नाही.

नंतर एकदा मी सर्वणला गेलो. ते गोठ्यापाशी होते.

"जहाजाचा आवाज मेळलो मां त्या दिसा?"

"मिळाला."

"मग जालां."

अहवालाचे सांगायला गेलो होतो. ते तोंडातून निघाले नाही. वासराचे दावे सुटून जमिनीवर पडले होते. सारंगांनी ते उचलले, खुंट्याला एक फेर दिला आणि हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिले.

"बाब, ही दोरी बांधली तर चलता मां?"