डोमाभाऊंचा घरचा वन्समोर

डोमाभाऊ मरण्यात एक नंबर होते.

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी जन्मभर खलनायक केला. शेवटच्या अंकात त्यांना गोळी लागायची. मग भाऊ मरायला सुरुवात करायचे.

सुरुवातच. कारण मरण लांब असायचं.

खुर्ची धरून, पडदा धरून, कधी पेटीवाल्याचा खांदा धरून. मधेच पोरीचं लग्नही ठरवायचे. शेवटी, "अगागागा! मेलो रे बाप्पाऽऽ!" आणि धप्प.

पब्लिक ओरडायची, "वन्समोर!"

भाऊ उठायचे, धूळ झटकायचे, परत मरायचे.

एकच माणूस कधी वन्समोर म्हणाला नाही. त्यांची बायको, पारबताबाई. बंदूक दिसली की त्या उठून मंडपाबाहेर.

"जित्या नवऱ्याचं मरण कोन पाह्यते? मी नाई पाहात."

भाऊ घरी आले की विचारायच्या, "मेले काय आज? हात धुवा, भात वाढते."

भाऊ मला म्हणायचे, "साऱ्या झाडीनं वन्समोर देल्ला बाबू. घरचा तेवढा नाई भेटला."

मग माझ्या भाच्यानं, संदीपनं, मित्रांसोबत मोबाइल गेम बनवला. 'ढकलाढकली'. आता जुना झाला, पण गोंडपिपरीकडे लग्नाच्या मांडवात पोरं अजून तोच खेळतात. एका फोनवर चौघं. धानाच्या शेतातल्या मचाणावरून एकमेकांना ढकलायचं. खाली चिखल, चिखलात रेडा. पडला तो ओरडतो.

तो आवाज डोमाभाऊंचा. बऱ्याच जणांना माहीत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

रेकॉर्डिंग माझ्या घरी झालं. खिडकीला रजई टांगून.

संदीप म्हणाला, "भाऊ, एका सेकंदात मरा."

भाऊ उभेच राहिले. "एका सेकंदात? मी का डास आहो काय बे?"

दुपारभर मेले. एकही मरण गेममध्ये बसेना. छोटं करा म्हटलं की पोरीचं लग्न काढायचे.

शेवटी रुसून अंगणातल्या आंब्याखाली जाऊन बसले. संदीप चालू माइक घेऊन मनवायला मागे गेला. तेवढ्यात फांदीवरचं लाल मुंग्यांचं घरटं सुटून थेट भाऊंच्या बनियनमध्ये.

"अगागागा! मेलो रे!"

संदीप म्हणाला, "ओके!"

म्हणजे गेममधलं ते मरण अभिनय नाही. मुंग्या आहेत.

आणि रेडा जो घुरघुरतो ना, ती भाऊंची त्यानंतरची झोप.

गेम आला तसे भाऊ फोन घेऊन चुलीपाशी. "ऐक तं, कसा मेलो मी!"

बाई मागे न बघता म्हणाल्या, "बंद करा थो."

पुढेही दर वेळी हेच.

मागच्या आठवड्यात भाऊ खरंच गेले. झोपेत. ना खुर्ची धरली, ना पडदा. इतकं छोटं मरण त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

परवा त्यांच्या घरी भजनाला बसलो. मला पुढची ओळ आठवेना, म्हणून फोन काढला. चष्मा घरी. बोट भलतीकडे, 'ढकलाढकली'वर पडलं. हा गेम उघडताच आधी एक गडी मचाणावरून पडून दाखवतो.

आवाज फुल.

"अगागागा! मेलो रे!"

टाळ थांबले.

समोर भाऊंचा फोटो, ताजा हार. मनात म्हटलं, पांडुरंगा, आता मलाच ढकल. बंद करायचं बटन सापडेना, म्हणून फोन सतरंजीखाली सारायला लागलो.

"राहू दे बाबू," पारबताबाई म्हणाल्या.

पदरानं तोंड पुसलं. फोटोकडे पाहत राहिल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या उठून बाहेर गेल्या नव्हत्या.

मग हळूच, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाल्या,

"वन्समोर."

मी परत लावला.

डोमाभाऊ, घरचा वन्समोर भेटला.

या वेळी उठला नाहीत तरी चालेल.

रामराम.