सेन्सरवरची ओली पट्टी

यवतमाळातल्या ज्या प्रसूतिगृहात माझी बायको सिस्टर होती, त्याच इमारतीच्या एसीचं काम या उन्हाळ्यात माझ्याकडे आलं. ती उन्हाळ्याच्या तोंडाशीच गेली. डोकं दुखतंय म्हणाली, आणि नागपूरच्या वाटेवर गाडीतच सगळं संपलं. हे काम दुसऱ्या कुणाला देऊ, असं आमच्या मालकांनी दोनदा सुचवलं. मी नको म्हणालो. घरी पुस्तक उघडून तेच ते पान वाचत बसण्यापेक्षा गच्चीवरची पॅनेलची खोली बरी वाटली.

काम सांगायला सोपं आहे. मोठ्या इमारतीत एसी, पाण्याचे पंप, आगीची घंटा अशी बरीच यंत्रं असतात आणि प्रत्येकाची बोलण्याची रीत निराळी असते. त्यांचं म्हणणं ऑफिसातल्या एका कम्प्युटरला कळावं म्हणून मधे एक लहान डबा बसवतात. आम्ही त्याला कंट्रोलर म्हणतो, पण त्याचं काम दुभाष्याचं. कुणाला कोणत्या नंबरानं हाक मारायची, कोणत्या वेगानं बोलायचं, उत्तर आलं नाही तर किती वेळ थांबायचं, हे त्याला आधी नीट भरवून द्यावं लागतं. एक नंबर चुकला की अख्खी ओळ मुकी होते.

प्रसूतिगृहाच्या व्यवस्थापकांना दोन गोष्टी हव्या होत्या. भिंतीवरची सगळी बटणं बंद करून एसी ऑफिसातूनच चालावेत. आणि दुसऱ्या मजल्यावर, ऑपरेशन झालेल्या बायांना ठेवतात ती खोली फार तापते, त्याचं कारण शोधावं.

मी आधी नुसतं तापमान नोंदवत ठेवलं. दुसऱ्या मजल्याची रेघ बघता बघता खाली घसरायची, मग हळूहळू चढायची, पुन्हा घसरायची. यवतमाळच्या उन्हाळ्यात कुठलीच खोली अशी आपोआप गार होत नाही. मला कारण शोधावं लागलं नाही. ते बायकोनं मला जेवणाच्या ताटावर कधीच सांगितलं होतं.

तिची ड्युटी त्याच मजल्यावरच्या बाळंतिणींच्या खोलीत. तिथलं तापमान ऑफिसातले लोक भेटायला येणाऱ्या पाहुण्यांच्या सोयीनं ठरवत; भिंतीवरच्या बटणानं वाढवलं तरी येऊन पुन्हा कमी करत. लेकरांचे पाय गार पडत. वरच्यांना सांगून ती थकली. मग तिनं गॉजची पट्टी पाण्यात बुडवली, पिळली आणि भिंतीवरच्या सेन्सरला चिकटपट्टीनं लावून टाकली. आपल्या कोरड्या हवेत ओलं कापड किती गार होतं ते इथल्या प्रत्येक घरातल्या कूलरला ठाऊक आहे. सेन्सरला वाटलं खोली गार झाली. एसी थांबला. लेकरं निवांत झोपली.

"असं सेन्सरले फसवू नये," मी म्हणालो होतो.

"मंग काय लेकराईले फसवू?"

"आकडा बरोबर दाखवला पाहिजे. त्याच्यावर सगळं चालते."

"तुमच्या कम्प्युटरले थंडी वाजते का? लेकराले वाजते. घ्या, भाजी घ्या अजून."

हे भांडण आमच्यात वर्षभर चाललं. त्याला शेवट नव्हता आणि दोघांनाही तो नको होता, असं आता वाटतं. ज्याला आधी झोप येई तो हरला.

आणि आता ती नव्हती, तरी रेघ घसरत होती. मी वर गेलो. सेन्सरवर पट्टी होती, ओली, नुकतीच बदललेली. तिच्याबरोबरची मोठी सिस्टर, आर्णीची, बायको गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पांढरी साडी नेसून पुढच्याच रांगेत बसली होती. मला बघून तिनं खुर्ची ओढली.

"बसा भाऊजी. हे पाह्यलं का? आमी सोडलं नाही. ताईनं शिकवलं तसंच करून राह्यलो. ड्युटी बदलली का पहिले पट्टी, मंग हजेरी."

"वरच्या लोकांना माहीत आहे?"

"त्याईले कायले सांगता? तुमी आमचेच न."

मी ‘आमचेच’ होतो. छत उघडून तारा बघायच्या आहेत एवढंच म्हणालो.

छताचा एक चौकोन काढल्यावर सगळं उलगडलं. पूर्वी ती एकच मोठी खोली होती. पुढे मधे ॲल्युमिनियमची भिंत टाकून दोन केल्या: अलीकडे बाळंतिणी, पलीकडे ऑपरेशन झालेल्या बाया. पण छतातले दोन्ही एसी एकाच नंबरावर राहिले आणि दोघांना मिळून सेन्सर एकच, अलीकडच्या भिंतीवरचा. इकडे पट्टी ओली झाली की तिकडचा एसीही थांबत होता. आणि तिकडे पश्चिमेच्या खिडक्या.

मी पलीकडे गेलो. एक म्हातारी एक्स-रेच्या पाकिटानं लेकीला वारा घालत होती. लेक घामानं भिजलेली, टाके ओढत असावेत, कूस बदलता येत नव्हती.

"तुमी एसीवाले होय का? बाप्पा, हे मशीन हाय का शोभेले लावलं? माही पोरगी उकडून राह्यली न इथं."

"करतो आजी," मी म्हणालो. तिला अजून काय सांगणार?

बायकोला हे कळलं होतं का, मला माहीत नाही. पलीकडच्या सिस्टर वेगळ्या, दार सतत लावलेलं. कळलं असतं तर तिनं त्याच क्षणी पट्टी ओढून काढली असती आणि मला सुटी घ्यायला लावून छतावर चढवलं असतं. एवढं मी तिला ओळखत होतो. पण आता त्या भांडणाचा पुरावा माझ्याच लॅपटॉपवर होता, आणि तो माझ्या बाजूचा होता. मी जिंकलो होतो. मला पडद्याकडे बघवेना.

दुरुस्ती मोठी नव्हती. दोन्ही एसींचे नंबर वेगळे केले, पलीकडच्या खोलीत नवा सेन्सर बसवला, कंट्रोलरमध्ये दोघांची नोंद निरनिराळी केली. एक एसी उत्तर देईना, म्हणून तार पुन्हा जोडली. दुपार त्यातच गेली. शेवटी दोघंही आपापल्या नंबराला ओ देऊ लागले, आणि मला कळलं की मी गुणगुणतोय. अख्खी दुपार मला तिची आठवण आली नव्हती. तिच्याच खोलीचं काम करत असताना. मी गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभा राहिलो, पण रडू आलं नाही, नुसती लाज वाटत राहिली.

व्यवस्थापकांना मी सांगितलं की बाळंतिणींच्या खोलीचं बटण बंद करू नका. तापमान चार अंश वाढवून ठेवू, आणि तिथून थोडं खालीवर करणं सिस्टरांच्या हाती राहू द्या.

"तुम्ही म्हणता तर तसं करा," ते म्हणाले आणि फोन घ्यायला वळले.

एवढंच. ती वर्षभर जे मागत होती ते चहा गार व्हायच्या आत मिळालं. तेव्हा हे काम माझ्याकडे नव्हतं, असं मी स्वतःला सांगतो. पण फोन तर करता आला असता.

आता राहिलं सिस्टरांना सांगणं. पट्टी आता चालणार नव्हती. सेन्सर असा एकदम गार झाला तर ऑफिसात घंटा वाजणार होती. मी एवढंच सांगून निघू शकलो असतो. यंत्र बदललं, पट्टीची गरज नाही, तुमच्या ताईमुळेच हे झालं. त्या खूश झाल्या असत्या. पण उद्या दुसरी भिंत उभी राहील, दुसरा सेन्सर असेल, आणि कुणीतरी पुन्हा भक्तिभावानं गॉज भिजवेल. म्हणून मी पलीकडच्या बायांचंही सांगितलं.

मोठी सिस्टर ऐकत राहिली. दुसरी, नुकतीच लागलेली, तिच्या तोंडाकडे बघत होती.

"मंग ताई चुकली, असंच म्हणता न तुमी?"

"खोली गरम ठेवली ते बरोबर होतं. पट्टी चुकली."

"पलीकडं बाया उकडून राह्यल्या आमच्यानं."

"तुम्हाला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं."

"तिले काय माहीत होतं, काय नव्हतं, ते आता कोन सांगन? हे तुमी ती असतानी बोलाले पाह्यजे होतं, भाऊजी. तिनं तुमाले जवाब देला असता."

"हो," मी म्हणालो.

तिनं उठून पट्टी काढली. चिकटपट्टीचा डिंक भिंतीवर राहिला होता, तो नखानं खरवडत ती बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. मग नवी सिस्टर हळूच म्हणाली, "आता कसं करायचं, ते तरी दाखवा."

मी बटण दाखवलं. तिनं दाबलं, आकडा चढला. पुन्हा दाबलं. मग आकडा थांबला.

"अजून नाही होत?"

"याच्या वर नाही."

"काहून?"

मी सांगायला लागलो. खोलीत किती माणसं धरली आहेत, बाळाला किती ऊब लागते, बाळंतिणीला किती सोसते, आकडा खरा असला तरच कंट्रोलर नीट चालवतो. आवाज तोच होता, घरी जेवताना निघायचा तो. त्या दोघी माना हलवत ऐकत होत्या. मी बोलत गेलो, शेवटापर्यंत गेलो. ‘भाजी घ्या’ म्हणत मधे माझं बोलणं कुणीही तोडलं नाही.