उभ्या गाडीचं ॲव्हरेज

माझा मामा चष्म्याच्या काचा घासतो. चष्म्याच्या दुकानामागे एक बारकी खोली आहे, तिथे मशीनवर बसून दिवसभर लोकांच्या नंबरच्या काचा फ्रेमच्या मापाच्या करत असतो. घरापासून दुकान इतकं जवळ आहे की इथून चहाचा कप घेऊन निघालं तर तिथे गरमच पोचेल. तरी मामा गाडीने जातो. सकाळी गाडीने, दुपारी जेवायला घरी गाडीने, परत गाडीने, संध्याकाळी परत तेच. टर्बो डिझेल गाडी आहे, करडी, आणि तिचं कव्हर मामाच्या सगळ्या शर्टांपेक्षा स्वच्छ आहे.

मामी होती तेव्हा गोष्ट वेगळी होती. मामी पलीकडच्या गावात दूध डेअरीत कामाला होती, लॅबमध्ये, आलेलं दूध तपासायची. रस्ता लांब आणि मोकळा, आजूबाजूला नुसती शेतं. बस होती की, पण हिवाळ्यात पहाटेच्या धुक्यात तिने स्टॉपवर कुडकुडत उभं राहायचं हे मामाला बघवेना, म्हणून ही गाडी आली. रोज तिला सोडायचा, परत येऊन काचा घासायला बसायचा, संध्याकाळी परत आणायला जायचा. सगळ्यांनी वेड्यात काढलं. मामा म्हणायचा, गाडी ॲव्हरेज देतेय ना, मग तुमच्या पोटात का दुखतंय.

ॲव्हरेज म्हणजे मामाचा जीव की प्राण. कुणाकडेही गेला की पाणी प्यायच्या आधी आजचं ॲव्हरेज सांगायचा. हिवाळ्यात ते जरा पडायचं तर हा टायरची हवा तपास, टाकी भरलेलीच ठेव, इंजिन तापेपर्यंत ॲक्सिलरेटरवर पाय असा ठेव की खाली झोपलेलं बाळ आहे, असलं सगळं करायचा. मामी म्हणायची, हा मला डेअरीत सोडत नाही गं, ॲव्हरेजच्या काट्याला फिरवून आणतो, मी आपली शेजारी बसलेली असते.

मागच्या उन्हाळ्यात मामी गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं आणि परत आणलीच नाही. एवढंच झालं, यात सांगण्यासारखं काहीच नाही आणि तेच सगळ्यात वाईट आहे.

मग थंडी सुरू झाली. आम्ही समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, आमच्या किचनच्या खिडकीतून मामाची गाडी दिसते. मामा सकाळी लवकर खाली यायचा, काचेवरचं दव पुसायचा, गाडी चालू करायचा आणि आत बसायचा. नुसता बसायचा. मागून पांढरा धूर, आत हीटर चालू, काचा धुरकट आणि त्यामागे मामाचं डोकं. आमचा चहा व्हायचा, आईचा डबा भरून व्हायचा, तरी गाडी तिथेच. तळमजल्यावरच्या काकू मला म्हणाल्या, "तुझा मामा गाडी चालवतो की डासांना धूर देतो?"

आईने विचारलं तर म्हणाला, "थंडीत ऑइल घट्ट होतं. टर्बोपर्यंत पोचायला वेळ लागतो. इंजिन गरम करतोय."

आम्हाला काय कळतंय त्यातलं. पण एक गोष्ट कळली. मामा ॲव्हरेज सांगायचा बंद झाला होता. एकदा आईने मुद्दाम विचारलं, काय रे दादा, किती देतेय सध्या, तर म्हणाला, देते बरं. आई किचनमध्ये येऊन माझ्याकडे नुसती बघत राहिली.

आणि मग दुकानाजवळच्या चढावर गाडी दमली. म्हणजे चालू होती पण चढेना, समोर पिवळा दिवा लागलेला. आईने मला पिटाळलं, जा त्याच्याबरोबर गॅरेजला, तो काही विचारायचा नाही.

गॅरेजवाल्याला सगळे सायलेन्सर म्हणतात कारण तो झोपेतसुद्धा गप्प बसत नसेल. गाडीला वायर लावली, छोट्या स्क्रीनवर काहीतरी बघितलं आणि चालू झाला. "काका, ही गाडी तुम्ही चालवता की हिच्यात राहता?"

"चालवतो की. दुकानापर्यंत."

"दुकानापर्यंत माझी म्हातारी आई पण चालत जाते. आणि सकाळी उभी किती वेळ ठेवता चालू?"

"गरम होईपर्यंत."

"मग होत नसणारच. अहो, डिझेल इंजिन उभ्याउभ्या तापत नाही. समोरचा कॉइलचा दिवा विझला, म्हणजे कॉइल तापली, की स्टार्ट, अर्धा मिनिट थांबायचं, तेवढ्यात ऑइल पोचतं, की निघायचं हळूहळू. चालता चालता तापते ती. तुम्ही नुसती फुरफुरत ठेवता, डिझेल अर्धवट जळतं आणि सगळी काजळी धूर गाळणाऱ्या मागच्या जाळीत जाऊन बसते. ती जाळी तुंबलीय. ॲव्हरेज किती आलंय?"

मामा बॉनेटवरचा डाग बोटाने पुसायला लागला.

"बरोबर आहे, कोणत्या तोंडाने सांगणार. उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं, काका."

मी विचारलं, आता काय करायचं. तर म्हणाला, "दिवा पिवळा आहे तोपर्यंत सोपं आहे. मोकळ्या रस्त्यावर एका दमात पळवायची, अर्धा-पाऊण तास, मध्ये थांबायचं नाही. आत आग होते, काजळी आपली आपण जळते. जळका वास आला तर घाबरायचं नाही, वास आला म्हणजे काम होतंय. आणि मग दर आठवड्याला एकदा असंच. नाहीतर दिवा लाल होईल, मग दोरीने ओढत आणा माझ्याकडे. त्यापेक्षा आत्ताच विका. छोट्या फेऱ्यांची गाडीच नाही ही. हिला लांब जायला लागतं."

मामा म्हणाला, "कुठे जाऊ?"

इतकं साधं विचारलं त्याने, पत्ता विचारावा तसं. सायलेन्सर हातातली वायर गुंडाळत राहिला. त्याला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

आईने लगेच मनावर घेतलं. ऑफिसमधल्या एका बाईंच्या दिराला गाडी हवी होती, तो रविवारी बघायला येणार असं ठरवूनच टाकलं. "दादा, तुला कुठे जायचंय आता त्या गाडीने, सांग बरं?" मामा म्हणाला, "कुठे नाही. येऊ दे." मला आईचा इतका राग आला, पण तिचं चुकत पण नव्हतं. तिलाही तो रोज खिडकीतून दिसत होता.

शनिवारी दुकान लवकर बंद होतं, उन्हं कलताना मी मामाकडे गेले. दार उघडंच होतं. मामा सोफ्याच्या कडेला बसलेला, स्वेटर घालून, गाडीचे कागद समोर टेबलावर काढून ठेवलेले. घर आवरलेलं होतं, फारच आवरलेलं. ओट्यावर एक ताट पालथं. आणि शांतता, म्हणजे कान दुखावा अशी. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मामा, सायलेन्सरने सांगितल्यावर पण तू आज सकाळी बसलेलास गाडीत. दिवा लाल होईल ना."

"हो," मामा म्हणाला. मग कागद सरळ करत, "उन्हाळ्यात निदान पंखा असतो गं घरात. हिवाळ्यात तो पण बंद. काहीच वाजत नाही. गाडीत जरा इंजिन असतं."

मला रडूच येणार होतं, आणि मला रडू यायला लागलं की मी काहीतरी करून बसते. मी टेबलावरची किल्ली उचलली. "चल. गाडी पळवून आणू."

"कुठे?"

"डेअरीचा रस्ता."

"तो नको."

"मग दुसरा सांग मोकळा. बाकी सगळीकडे सिग्नल आहेत."

मामी गेल्यापासून तो त्या रस्त्याला गेला नव्हता, हे मला माहीत होतं. मला खरंतर भीती वाटत होती की तो चिडेल. तो उठला, मफलर घेतला आणि म्हणाला, "उद्या तो माणूस दिवा बघेल आणि भाव पाडेल. तेवढ्यासाठी जाऊ."

मी पुढे बसले तर माझे गुडघे डॅशबोर्डला टेकले. मामी बुटकी होती, सीट अजून तिच्याच मापाची पुढे ओढलेली. मी तशीच बसले पाय दुमडून. मामाने किल्ली फिरवली, कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबला, गाडी चालू केली, आणि खरंच, जराशाने निघाला. गाव संपेपर्यंत हळू, इंजिन तापल्याचा काटा मध्यावर आल्यावर मग पाय दाबला. गाडी आधी कण्हत होती. मग पूल आला, शेतं आली, आणि ती सुटली.

एका वळणावर मामा नुसतं म्हणाला, "इथे तिला झोप लागायची." पुढे एका पंपापाशी, "इथे उठायची आणि म्हणायची मी झोपले नव्हते." मग जळका वास आला. मी नाक दाबलं. मामाने खिडकीची काच थोडी खाली घेतली, थंडगार वारा आत, आणि तो चक्क हसत होता, बारीकसं. "होतंय काम," म्हणाला.

थोड्या वेळाने पिवळा दिवा विझला. मी म्हटलं, वळूया आता. पण तो वळला नाही, आणि डेअरी आलीच.

गेटवर आडवा दांडा होता आणि खुर्चीत वॉचमन. करडी गाडी लांबून येताना बघून तो उठला आणि दोरी ओढून दांडा वर केला, रोजच्यासारखा. मग त्याची नजर माझ्यावर आली. त्याच्या लक्षात आलं. तो तसाच उभा राहिला, दोरी हातात धरून, दांडा खाली घ्यावा की तसाच ठेवावा ते कळेना.

मामाने काच खाली केली. "फक्त वळवून घेतो."

"घ्या ना साहेब. आत जागा आहे."

आत अंगणात मामाने गाडी हळू वळवली. लॅबचा दिवा लागला होता, कुणीतरी पांढऱ्या कोटातली मुलगी नळ्या धूत होती. बाहेर पडताना वॉचमन म्हणाला, "या पुन्हा," आणि मग त्यालाच वाटलं असावं हे काय बोललो, तो खुर्ची सरळ करायला लागला.

परत येताना मामाचे डोळे वाहत होते. तो पुसत नव्हता, दोन्ही हात स्टीअरिंगवर. पूल ओलांडल्यावर म्हणाला, "आईला सांग, उद्या त्या माणसाला बोलवू नको. पुढच्या शनिवारी गाडी लागणार आहे."

"कुठे जायचंय?"

"कुठेच नाही. लांब."

घरासमोर गाडी लावली, पण इंजिन बंद केलं नाही. पळवून आणल्यावर टर्बो तापलेला असतो, एक मिनिट तसंच चालू ठेवायचं असतं, लगेच बंद केलं तर ऑइल थांबतं आणि तो आतल्या आत करपतो. हे मला माहीत होतं कारण मामी सांगायची. ते मिनिटभर मामी पर्समध्ये घराची किल्ली शोधायची, रोज, आणि रोज सापडायची नाही, आणि मामा म्हणायचा अगं ती बाजूच्या कप्प्यात बघ.

आता किल्ली मामाच्याच खिशात. तो समोर बघत बसला होता. इंजिन हळूहळू फुरफुरत होतं, वर त्याच्या घराच्या खिडक्या अंधाऱ्या, आणि ते मिनिट काही केल्या संपेना.

मी बॅग मांडीवर घेतली, चेन उघडली आणि आत हात घालून ढवळायला लागले. वह्या, चार्जर, कंगवा. काहीच हरवलं नव्हतं.

मामाने माझ्याकडे बघितलं. मग बॅगेकडे. मग म्हणाला, "बाजूच्या कप्प्यात बघ."