रोमच्या पेपरचं वर्ष

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी दिवाळीपर्यंतच कॉलेजला गेले. पुढचे महिने घरात बसून काढले. इतिहासाला त्या वर्षी प्राचीन रोमचा पेपर होता.

आमचं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला. नव्वदनंतरची ती वर्षं; गावातल्या मोजक्याच मुली सकाळच्या एस.टी.नं कोल्हापूरला शिकायला जायच्या. माझ्या शेजारची जागा माझ्या मैत्रिणीची. आमची शेतं बांधाला बांध लागून, पहिलीपासून आम्ही एकत्र. तिचा विषय मराठी, तरी आमच्या सरांनी इतिहासाच्या वर्गाला संग्रहालयात नेलं तेव्हा ती आमच्यात घुसली. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खणताना सापडलेली रोमन समुद्रदेवाची छोटीशी मूर्ती तिथं आहे. सर सांगत होते, ही जहाजानं आली, मग घाट चढून पंचगंगेच्या काठाला पोचली. मैत्रीण माझ्या कानात म्हणाली, "ह्यो देव एवढ्या लांबनं आला, आन आमचा बा मला मावशीकडं गडहिंग्लजला धाडंना." मला हसू आवरेना. सरांनी वळून बघितलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज सुरू झालं त्या दिवशी ती माझ्याबरोबर एस.टी.त चढली, कोल्हापूरला उतरली आणि संध्याकाळी परत आलीच नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, तिनं लग्न केलं. मुलगा आमच्याच गावचा, बौद्धवाड्यातला. बी.कॉम. झालेला, शाहूपुरीत एका दुकानात कामाला होता. त्याचे वडील गावच्या शाळेत शिक्षक. मला, तिला आणि निम्म्या गावाला त्यांनीच हाताला धरून लिहायला शिकवलं होतं. सगळे त्यांना गुरुजी म्हणत.

माझ्या वडिलांनी, आबांनी, मला सोप्यात बोलावलं.

"तुला ठावं हुतं?"

"न्हाई, आबा."

"एका शिटावर बसत हुतासा की! आन ठावं न्हाई?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. तिनं मला सांगितलं नाही याचं मला आत कुठंतरी लागलं होतं, पण ते आबांना सांगून काय उपयोग? त्यांनी माझ्या पिशवीतनं एस.टी.चा पास काढला आणि स्वतःच्या खिशात घातला.

"कॉलेज बास झालं."

देवळात बैठक झाली. माझे चुलते सगळ्यांत मोठ्यानं बोलत होते, घरापर्यंत आवाज येत होता. ठरलं ते असं की गुरुजींच्या घराशी कुणी व्यवहार करायचा नाही. गिरणीवाल्यानं त्यांचं दळण परत पाठवलं. दुकानदारानं तोंड फिरवलं. शाळेत पोरं येत, पण घरून बजावल्यासारखी मान खाली घालून बसत. गुरुजींच्या घरी दूध आमच्याकडनं जायचं, तेही थांबलं. पहिल्या दिवशी सवयीनं आईनं त्यांचं दूध वेगळं काढलं. मग कळशीत परत ओतलं. आणि पास काढून घेतलेली मी एकटीच नव्हते, आमच्या एस.टी.तल्या सगळ्या मुली घरी बसल्या.

मैत्रिणीच्या आईचं तर पाण्याखेरीज घराबाहेर पडणंच बंद झालं. पाण्याला आली तरी कुणी तिच्याशी बोलायचं नाही, आणि ती कुणाकडं बघायची नाही.

मी शेण भरायची, वैरण काढायची, भाकरी थापायची. परीक्षेचा फॉर्म दिवाळीआधीच भरला होता, म्हणून मनातून अभ्यास जात नव्हता. पण माझी वही अर्धवट होती. रोमच्या लोकांनी राजाला हाकलून दिलं, इथं येऊन ती थांबली होती. पुढं त्या लोकांचं काय झालं, मला माहीत नव्हतं. पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात होतं आणि तिथं मला जाता येत नव्हतं.

आई शाळेत गेलेली नाही. एकदा गोठ्यात धार काढता काढता तिनं विचारलं, "पुस्तक आनी कुणाकडं असंल?"

"गुरुजींच्याकडं असंल. त्यांनी नोकरी करत एम.ए. केलंय, इतिहासात."

ती धार काढत राहिली. मला वाटलं विषय संपला. त्यानंतर एका दुपारी ती वैरणीचा भारा घेऊन आली, गोठ्यात टाकला, आणि त्यातनं कापडात गुंडाळलेलं जाड पुस्तक काढून माझ्या हातात दिलं.

मागाहून तिनं सगळं सांगितलं. गुरुजींच्या बायकोनं तिला दारातच अडवलं होतं. "कशाला आलासा वैनी? तुमास्नीबी तरास हुईल." आई म्हणाली, "झाला तर झाला." गुरुजी आतनं आले. खंगले होते, दाढी वाढलेली. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरगी परीक्षेला बसणार हाय न्हवं?"

"बसवतो की," आई म्हणाली.

त्यांनी पुस्तक काढलं, पहिलं पान उघडलं. "ह्यावर माझं नाव हाय, वैनी. फाडून देऊ?"

"नगं गुरुजी. नाव असू दे."

मी ते पुस्तक गोठ्यात बसून वाचलं. राजा गेल्यावर रोममध्ये सत्ता मोजक्या जुन्या घराण्यांच्या हातात आली. बाकीचे शेतकरी, कारागीर, सैन्यात मरायला पुढं, पण कारभारात नाहीत. हे लोक एकदा शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले, आमचा माणूस नेमल्याशिवाय आम्ही परत येत नाही म्हणाले. वरच्यांना ऐकावं लागलं. आणि मग मी त्या कायद्याशी आले. रोमचे कायदे पहिल्यांदा लिहून काढले तेव्हा त्यांत एक कलम होतं: वरच्या घराण्यांत आणि बाकीच्या लोकांत लग्न होणार नाही. त्या ओळीखाली गुरुजींनी कधीकाळी पेन्सिलीनं रेघ मारली होती. त्यांच्या परीक्षेच्या वेळी मारली असणार, मुलगा लहान असताना.

मी थांबले ते आईच्या लक्षात आलं. "काय लिवलंय?"

मी सांगितलं.

"म्हंजे तिकडंबी ह्येच?"

"व्हय."

"मग? काय केलं त्यांनी?"

"भांडले. थोड्या वर्सांनी तो कायदा काढून टाकला."

"आन हे कवाचं?"

"दोन हजार वर्सांच्या वर झाली, आई."

तिनं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. "तिच्या आईला सांगावं वाटतंय," म्हणाली. पण सांगायला गेली नाही. मीही म्हटलं नाही जा म्हणून.

पुस्तक आबांना सापडलं. वैरण काढताना हाताला लागलं असावं. ते जेवायला बसले होते, मी वाढत होते, आणि त्यांनी ते ताटाच्या शेजारी ठेवलं. पहिलं पान उघडलं. नाव वाचलं.

"हे कुणी आणलं?"

"मी," आई चुलीपुढनं म्हणाली. "पोरीनं फारम भरलाय. तिला परीक्षेला बसवायची."

"भाऊबंद काय म्हणतील?"

"म्हणू द्यात की. अवो, तुमची सही कुणी शिकवली तुमास्नी?"

हे मला नवीन होतं. आबा तिसरीतच शाळा सोडलेले. मोठेपणी, सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा, अंगठा नको म्हणून गुरुजींनी त्यांना सही गिरवायला लावली होती. आबा ताटावरनं उठले. आईनं त्या दिवशी जेवण केलं नाही. मला वाटलं आता पुस्तक चुलीत जाणार. पण ते जागेवरच पडून राहिलं, आणि संध्याकाळी मी ते उचललं तेव्हा कुणी काही म्हणालं नाही.

परीक्षेला आबा माझ्याबरोबर आले. प्रत्येक पेपरला. पेपर संपेपर्यंत ते कॉलेजच्या फाटकासमोर झाडाखाली बसून राहायचे, पटका गुडघ्यावर. माझ्यावर पाळत होती की सोबत, मला तेव्हाही कळलं नाही. रोमच्या पेपरात त्या लोकांच्या लढ्यावरच प्रश्न आला. मी पुरवणीमागनं पुरवणी घेत लिहीत सुटले. लग्नाच्या कलमाशी आले तेव्हा अक्षर वेडंवाकडं झालं. त्या एका उत्तरात इतका वेळ गेला की शेवटचा प्रश्न कोरा राहिला.

परतीच्या एस.टी.त आबांनी विचारलं, "ग्येला का बरा?"

"एक प्रश्न ऱ्हायला."

"का गं?"

"दुसऱ्यावर लई लिवलं."

त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मी पास झाले, रोमला जेमतेम. तिसऱ्या वर्षाला मात्र आबांनी पाठवलं नाही. त्या उन्हाळ्यातच माझं लग्न झालं, आजऱ्याला. पुस्तक लग्नाआधी आईच परत देऊन आली. त्या खेपेला ती भारा न घेता, रस्त्यानं, लोकांदेखत गेली. चुलते आमच्याशी बोलेनासे झाले. गुरुजींनी पुढं बदली मागून घेतली आणि त्यांचं घर बंद झालं. सासरी काजू सोलायचं काम होतं, मुलं झाली. बी.ए.चं शेवटचं वर्ष मी दोन हजार सालानंतर बाहेरून पूर्ण केलं, मोठा मुलगा शाळेत जायला लागल्यावर.

त्याच सुमाराला शाहूपुरीत चपलांच्या दुकानापुढं मला कुणीतरी हाक मारली. मैत्रीण. अंगानं भरली होती, कडेवर मुलगी. ती दोघं इतकी वर्षं पुण्याला होती, नुकतीच कोल्हापुरात परत आली होती. ती माझा हात सोडत नव्हती, हसत होती, माझ्या मुलांची नावं विचारत होती. मग एकदम म्हणाली, "आमची आई कशी हाय गं? आता तरी येऊ देतील का मला, बघतो म्हणतोय."

तिची आई जाऊन वर्ष होत आलं होतं. तिला कुणी कळवलंच नव्हतं.

माझ्या तोंडाकडं बघूनच तिला समजलं. ती दुकानाच्या पायरीवर बसली, मुलीला मांडीत घेऊन. रडली नाही लगेच.

"कवा?"

मी सांगितलं.

"काय झालं हुतं?"

"कावीळ म्हणत्यात. मी आजऱ्याला होते, मला उशिरा कळलं."

"माझं नाव काढलं का तिनं?"

मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. गिऱ्हाइकं आमच्या बाजूनं आत जात होती, बाहेर येत होती. दुकानदार म्हणाला, "पावणं, जरा कडंला बसा की." आम्ही सरकून बसलो.