विशे सरांनी मुद्दाम बिघडवलेला आवाज

विशे सरांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. गौरवग्रंथात असं लिहिणं शोभत नसेल, पण खरं तेच आहे. शेणव्याच्या आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मी मराठीचा मास्तर, त्यामुळे नाटक माझ्या गळ्यात. मोठ्या हौसेने मी मुरबाडहून भाड्याचे स्पीकर आणवले होते, सोबत खर्जाच्या दणक्यासाठी कपाटाएवढा सबवूफर. नाटक सुरू झालं आणि एक अनोळखी गृहस्थ सरळ मंचामागे गेले व त्यांनी त्या सबवूफरची वायरच काढून टाकली. मी तावातावाने गेलो. "अहो, कोण तुम्ही? कुणाला विचारून हात लावलात?"

ते शांतपणे म्हणाले, "डोळखांबहून बदलून आलोय, विज्ञानाला. तुमच्या मुली काय बोलतात ते मागे बसलेल्या त्यांच्या आयांना कळत नव्हतं."

मागून एक बाई म्हणालीच, "आता कसा नीट ऐकू येतो. मगाशी काय कळत नाय होता." पण तो राग मला बरेच दिवस पुरला.

राग गेला तो सरांच्या मुरबाडच्या घरी पाऊल टाकल्यावर. दोन खोल्या. बुटक्या कपाटावर दोन लहान स्पीकर, भिंतीपासून हातभर पुढे ओढलेले. कोपऱ्यात बेताचा सबवूफर. आणि समोर खाटेवर मालन, सरांची एकुलती लेक. जन्मतानाच मेंदूला इजा झालेली. ती चालत नाही, बोलत नाही, घास भरवावा लागतो. आज तिची चाळिशी उलटली आहे. ऐकू मात्र तिला लख्ख येतं. देवाने बाकी सगळं काढून घेऊन तेवढं ठेवलं, याला त्याची दया म्हणायचं की थट्टा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लोक म्हणत, मास्तरांना शौक आहे. शौक कसला डोंबलाचा? लेकीला जे एकच सुख घेता येतं ते चांगलं मिळावं, म्हणून सर या नादाला लागले.

आम्हां शहापूर-मुरबाडच्या मंडळींना सरांनी ऐकायला शिकवलं तेही मालनच्या मानेवरून. लहान स्पीकरला खर्ज पेलत नाही, तो सबवूफरकडे सोपवावा लागतो. कुठल्या पट्टीखालचा आवाज सोपवायचा, ते क्रॉसओव्हरचं बटण ठरवतं. सर ते ऐंशी हर्ट्झच्या आसपास ठेवत. "फार वर नेलंत की माणसाचा आवाज कोपऱ्यातल्या डब्यात शिरतो," ते म्हणत. आम्हाला पटेना. तेव्हा त्यांनी बातम्या लावल्या आणि बटण वर फिरवलं. निवेदकाचा आवाज जाड, घोगरा झाला आणि मालनने मान कोपऱ्याकडे वळवली. बटण खाली आणताच तिची मान समोर आली, दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध. तिथे भिंतीशिवाय काही नव्हतं. ती मात्र कुणी उभं असावं तशी तिकडे बघून हसली. तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही सरांकडे ऐकायला जमू लागलो.

सरांचा जीव कसा लावण्याचा आहे, ते मी भोगलं आहे. माझ्या हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर मी घरात कुढत पडलो होतो. सर एसटीने शहापूरला आले. माझे स्पीकर मी हुशारीने कपाटाच्या खणात कोंबले होते आणि सबवूफरचा आवाज पूर्ण चढवला होता. सरांनी सगळं बाहेर काढलं, मांडलं, आवाज उतरवला. म्हणाले, "सबवूफर आहे हे कळलं की समजायचं, जास्त झाला. बंद केल्यावर त्याची उणीव भासली पाहिजे, बस." मग चहा न घेताच उठले, कारण मालनच्या जेवणाच्या वेळेला घरी पोचायचं होतं.

तिला भरवायचं काम मात्र शांतावहिनींचं, सरांच्या पत्नीचं. वहिनी गेल्या आणि ते सरांवर आलं. मालनने खाणं टाकलं. तोंड मिटून घ्यायची आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहायची. तेव्हा कुणीतरी सुचवलं, वहिनींचा आवाज ऐकवा. सरांच्या मोबाइलमध्ये तो होता. कधीतरी माइक तपासताना नकळत टिपलेला. "तोंड उघड गो माझे बाय. पेज निवली बघ."

सरांनी तो लावला. मालनने समोर पाहिलं, दोन स्पीकरच्या मधोमध. तोंड उघडलं. डोळ्यांनी आईला शोधलं, पुन्हा शोधलं, आणि मग जी रडायला लागली ती सरांना आवरेना. "सेटिंग अगदी बरोबर होतं," सर नंतर मला म्हणाले, "तेच नडलं."

पुढच्या रविवारी आम्ही जमलो तर सगळाच आवाज भसाडा. आमच्यातले जनूभाऊ, मुरबाडला टेम्पो चालवतात, ते न राहवून उठले. "सर, बटन कोनी फिरवलाय काय? आवाज पार कोपऱ्यात गेलाय."

"मीच फिरवलंय. राहू दे."

वहिनींचा आवाज भरदार होता. क्रॉसओव्हर पार वर नेल्यावर तो फाटायचा, अर्धा कोपऱ्यात, अर्धा कपाटावर. मालनला तो ओळखीचा वाटायचा, पण त्यात आई उभी दिसायची नाही. ती शोधायची नाही. ऐकायची आणि जेवायची. ज्यांनी आम्हाला चांगला आवाज म्हणजे काय ते शिकवलं, त्यांनी स्वतःच्या बायकोचा आवाज स्वतःच्या हाताने बिघडवला आणि रोज तीन वेळा तो तसाच ऐकला. आजही ऐकतात.

आता सरांना पंचाहत्तरावं लागलं आहे. मध्यंतरी मालनला उचलताना त्यांची कंबर धरली. जवळचं नातलग कुणी नाही. मालनसाठी कल्याणकडे एका संस्थेत चौकशी करून आले, तिथे तिच्या वयाच्या कुणाला जागा नव्हती. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आपल्यामागे मालनचं काय, हा प्रश्न सर कधी बोलून दाखवत नाहीत. आम्हीही विचारत नाही.

लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. मी सरांना म्हटलं, "शंभर वर्षं लिहितो."

"शंभर नको," सर म्हणाले. "मागायचंच असेल तर मालनपेक्षा एक दिवस जास्त मागा."

"सर, असं कसं लिहू? म्हणजे लेकीनं आधी..."

"हो, आधी. तुम्ही भाषेचे मास्तर, शब्द तुम्ही शोधा. पण मागा तेच."

मी शब्द पुष्कळ शोधले, सर. सापडले नाहीत. म्हणून सर्वांच्या साक्षीने सरळच मागतो. आपली कंबर धड राहो. हात चालत राहोत. मालनचा शेवटचा घास आपल्याच हातचा असो, आणि त्यानंतर एक दिवस आपल्याला निवांत झोप लागो.