तारीख पुसलेले डबे

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. मैंदर्गीला चौथीपर्यंत शिकले, मग शाळा सुटली. माहेरच्या घरात कानडी, त्यामुळे मराठी लिहिताना चुका होणारच. कुणाच्या हाती ही वही लागली तर माफ करावं. खरं तर कुणाच्या हाती लागू नये म्हणूनच ती मी पितळी भांड्यांच्या मागे ठेवते.

शुक्रवार पेठेत आमचं किराणा दुकान होतं. राहत्या घराची पुढची खोली, तेच दुकान. दुष्काळाचं दुसरं वर्ष चाललं होतं. लोक रेशनच्या रांगेत जात, आमच्याकडे चहापूड, मीठ, काडेपेटी, एवढ्यासाठीच येत. सकाळी हे बसत. दुपारी हे माल बघायला बाजारात गेले की मी बसायची. मला परक्या माणसाशी बोलायची फार लाज वाटे. भाव विचारला तर बोटं दाखवायची. हे चेष्टा करत, "आमच्या दुकानात मुकी लक्ष्मी बसवलीय." पण बायका माझ्याच वेळेला येत. एकदा एक म्हातारी माझ्यासमोरच दुसरीला म्हणाली, "ही बोलत न्हाय, म्हंजे खोटंबी बोलत न्हाय." मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

त्या उन्हाळ्यात ह्यांनी एक खोकं आणलं. तान्ह्या मुलांच्या दूध पावडरचे चोवीस डबे. एका घाऊक व्यापाऱ्याकडे पडून होते, त्याने निम्म्याहून कमी भावाने दिले. डब्याच्या बुडाला जांभळ्या शाईचे इंग्रजी आकडे होते. ते मला कळत. कॅलेंडर बघून बघून शिकले होते.

"ह्याचं साल गेलंय की," मी म्हणाले. घरात मी बोलत असे.

"साल गेलं म्हणून दूध मरतंय व्हय? वाळलेली पावडर हाय ती. मिरच्या दोन दोन वर्सं ठेवतीस की डब्यात."

"मिरच्या लेकरं खात न्हाईत."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या पाटल्या मोडून आणल्यात. आता सांग, काय करू?"

मी रॉकेलचा बोळा घेतला आणि एका दुपारी चोवीस डब्यांची बुडं पुसली. शाई पटकन निघाली. पत्रा अगदी नवा दिसायला लागला. ते काम मी नीट केलं हे मला आठवतं. एका डब्यावर थोडा जांभळा डाग राहिला होता, तो मी परत घासला.

आमच्या मागच्या बोळात एक विडी वळणारी बाई राहत होती. तेलुगू बोलणारी, वीस-बावीसची. नवरा मागावर जाई, पण सुताअभावी माग निम्मे दिवस बंद. तिला पहिला मुलगा झाला होता. तिसऱ्या महिन्यात तिचं दूध आटलं. गवळ्याच्या दुधात पाणीच जास्त, आणि तेही परवडेना. कुणीतरी तिला आमच्या डब्यांचं सांगितलं. बाजारात दहा रुपये, आमच्याकडे सात. पहिला डबा तिने रोख नेला. मला अक्का म्हणायची. कानडीतही अक्का, तेलुगूतही अक्का, म्हणून मला ती जवळची वाटे.

पुढचे तीन डबे उधारीवर नेले. तिला वाचता येत नव्हतं. अशा गिऱ्हाइकांची उधारी मी वहीत नाही, दुकानाच्या फळीच्या आतल्या बाजूला खडूच्या रेघा मारून ठेवत असे. एक रुपया, एक रेघ. त्यांना स्वतःला मोजता यायचं. तिच्या एकवीस रेघा झाल्या.

तिसरा डबा घेऊन ती एका दुपारी परत आली. पोरगं खांद्यावर. डबा उघडून माझ्यापुढे धरला.

"अक्का, ह्यात गोळे झाल्यात बघा. वासबी येतोय तेलासारका. हे असंच असतंय का?"

मी वास घेतला. खवट होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मला फक्त "नको देऊस" एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की ती 'का?' म्हणून विचारणार, आणि मग सगळंच सांगावं लागणार. पाटल्या, बोळा, सगळं.

मी मान हलवली. असंच असतं, अशी.

"गोळे फोडून घालू?"

मी परत मान हलवली.

"बरं झालं तुमाला इचारलं," ती म्हणाली. "सासू उगंच घाबरवत होती." पोराने माझ्याकडे बघून जीभ बाहेर काढली. ती हसली. "बघा, तुमाला चिडवतंय."

आठ दिवसांनी त्याला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. सरकारी दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी सकाळी तिचा नवरा पोराला कापडात गुंडाळून बोळातून घेऊन आला. तिच्या रडण्याचा आवाज आमच्या मागच्या भिंतीतून येत होता. त्या महिन्यात टँकरचं पाणी पिऊन पेठेतली कितीतरी मुलं आजारी पडली होती. काही जण म्हणाले पाण्यानेच झालं. हेही तेच म्हणाले, दोनदा म्हणाले. मला आजपर्यंत माहीत नाही. माहीत नाही म्हणून मी सुटले असंही नाही.

उरलेले डबे ह्यांनी स्टँडजवळच्या एका चहावाल्याला दिले. "चहात काय कळतंय," म्हणाले. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

महिन्याभराने ती आली. अंग सुकलेलं, बोटांना तंबाखूचा वास. तिने पदराची गाठ सोडून एक रुपया तागडीत ठेवला.

"आजपासून दर हप्त्याला एक देते, अक्का. सासू म्हणती, गेलेल्या लेकराच्या तोंडचं देणं कुणाचं ठिवू नये. त्याला वाट मिळत न्हाय."

मी एक रेघ पुसली. मी पदर तोंडाला लावला, तिला वाटलं मला तिची दया आली. "रडू नका अक्का," ती मला म्हणाली.

विडीच्या पगाराच्या दिवशी ती येत राहिली. प्रत्येक वेळी मी ठरवायची, आज सांगायचं. सकाळपासून मनात वाक्य घोकायची. ती समोर आली की मी फळीकडे वळून रेघ पुसायची. एकदा फक्त मी तिचा रुपया उचलला आणि तिच्या विड्यांच्या टोपलीत परत टाकला. ती दुखावली.

"गरीब हाय म्हणून व्हय अक्का? माझ्या लेकराचं मी फेडीन." तिने रुपया काढून परत तागडीत ठेवला आणि मागे न बघता गेली.

रात्री मी ह्यांना म्हणाले, तिला सांगून टाका, सगळी उधारी सोडली म्हणून. हे म्हणाले, "कारण इचारल की ती. तू सांगशील?"

मी सांगणार नव्हते. तेही ह्यांना माहीत होतं.

पाऊस पडला तोही नीट पडला नाही. श्रावण गेला, गणपती गेले, नवरात्र आलं. फळीवरच्या रेघा कमी होत गेल्या आणि मला त्या मोजायची भीती वाटू लागली. जोवर रेघा होत्या तोवर ती येणार होती, आणि तोवर मी कधीतरी बोलले असते, असं मी स्वतःला सांगत होते.

शेवटच्या दिवशी ती न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून आली. रुपया तागडीत ठेवला आणि फळीजवळ उभी राहिली. एकच रेघ उरली होती.

"माझ्यासमोर पुसा अक्का. घरी जाऊन सांगते."

जवळ दुसरं फडकं नव्हतं. मी पदराने रेघ पुसली. तिने हात जोडले, फळीला की मला कोण जाणे.

"फिटलं न्हवं?"

मी मान हलवली. एकवीसच्या एकवीस रुपये फिटले होते.