शिंगाची नखी

मेळ्याच्या तालमीत माझ्या गिटारची बारीक तार तिसऱ्यांदा तुटली. या वेळी तिचं टोक शेजारी बसलेल्या गायकाच्या गालावर फटका मारून गेलं. गालावर केसाएवढी लाल रेघ उमटली. तबला थांबला. पेटी वाजवणारे मास्तर आमच्या गणपती मेळ्याचे प्रमुख. त्यांनी भाता मिटला आणि माझ्याकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा हात पान्याचा आहे. वाद्याचा नाही."

ते वाक्य मी विसरलेलो नाही. विसरायचा विचारही नाही.

हातात पाना होता हे खरं. कासारवाडीला माझं सायकलचं दुकान होतं. साताऱ्याकडून आलो तेव्हा त्याच दुकानात पंक्चर काढायचो. चार वर्षांत घासाघीस करकरून ते मालकाकडून विकत घेतलं. गिटारही तशीच मिळवली, पुण्याच्या जुन्या बाजारात, विकणारा हात जोडेपर्यंत भाव पाडून. आमच्या भागात तेव्हा हे वाद्य कुणी पाहिलेलं नव्हतं. मास्तर स्वतः दुकानावर आले, ऐकलं आणि म्हणाले, "मेळ्यात या." मी त्यांच्या दारात गेलो नव्हतो, हे लक्षात ठेवा.

आता तेच म्हणत होते, "रविवारी शेवटची तालीम. तार तुटली तर तुमच्या जागी मेंडोलिन बसेल."

मेंडोलिन म्हणजे कारखान्यातला एक कारकून. आठवडाभर तो वाद्य मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसत होता, जागा कधी रिकामी होते त्याची वाट बघत. "काय शेठ," तो म्हणाला, "पुण्याहून तारांचं पोतंच आणायचं का आता?"

मी उठलोच होतो. तबलजीने माझा सदरा मागून धरला म्हणून कारकुनाचे दात शाबूत राहिले.

माझ्याकडे एकच तार उरली होती. पुण्यातला दुकानदार म्हणाला, मुंबईचा माल आता गणपतीनंतर.

दोष नखीचा आहे हे मला कळत होतं. नखी म्हणजे तार छेडायची ती बोटभर लांबीचीही नसलेली चकती. कंगव्याचा तुकडा कापून पाहिला, तो दुसऱ्या दिवशी मोडला. मग लष्कर भागातून कासवाच्या पाठीची, चांगली जाड नखी आणली. जाड तेवढी टिकाऊ, हा माझा हिशेब. टायर घेताना, चामडं घेताना तो कधी चुकला नव्हता. नखी टिकली, पण तारा टिकेनात.

मोशीचा एक गवळी माझ्याकडे चाक सरळ करायला यायचा. त्याने हकीकत ऐकली आणि म्हणाला, "शिंगाची करून बघा. चाकणच्या बैलबाजारात शिंगं साळणारा म्हातारा बसतो. सालपटांचा ढीग पडतो त्याच्यापुढं."

शनिवारी दुकान बंद ठेवून मी सायकल काढली. नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी, नदीवरचा पूल, पुढे चढ आणि तोंडावर वारा. बाजारात पोचलो तेव्हा पायात गोळे आले होते आणि डोक्यात कारकून होता.

विकायला आणलेल्या बैलाची शिंगं तासून, तेल लावून गुळगुळीत केली की बैल आहे त्यापेक्षा दोन वर्षांनी लहान दिसतो. तेच काम म्हातारा करत होता. पायाशी सालपटं पडली होती, काळी, पिवळट, काही अर्धपारदर्शक.

"त्यातलं जाडसं पाहिजे. काय भाव?" मी विचारलं.

"कचऱ्याला कसला भाव? उचला."

फुकट देणाऱ्यावर माझा विश्वास नाही. म्हणालो, "फुकट नको. तार छेडायला पाहिजे, नीट निवडून द्या, भाव सांगा."

त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि हातातलं हत्यार माझ्यापुढे धरलं. "भाव पायजे व्हय? मंग हे शिंग साळून द्या. सालपट निघंल ते तुमचं."

बैलाचा मालक वेसण धरून उभा होता. मी पातं शिंगाला टेकवलं आणि जोर लावला. पातं रुतलं. बैलाने मान झटकली, शिंगाचं टोक माझ्या बरगडीला घासून गेलं आणि सदरा बगलेपासून फाटला.

"अरं ए शहाण्या!" मालक ओरडला. "बैल इकायचाय मला, त्याची सुंता न्हाई करायची!"

"तुझा बैलच खोडकर आहे, ते आधी सांगायचं!" मीही ओरडलो. दोन-चार गिऱ्हाइकं लांब सरकली. मालकाने वेसण सोडून माझ्या अंगावर यायचं फक्त बाकी राहिलं होतं.

म्हातारा शांतपणे म्हणाला, "कुणावर चिडून आलाय?"

"कुणावर नाही."

"हे मानसाला सांगा, राव. बैलाला खोटं पटत न्हाई. अंगठा ढिला सोडा. पातं आपसूक जाऊ द्या."

मी पुन्हा पातं टेकवलं. बैलाचा डोळा माझ्यावर होता आणि मालकाचाही. पहिलं सालपट भुगा होऊन पडलं. दुसरं तुकड्यातुकड्यांनी आलं. तिसरं मात्र लांब निघालं, कांद्याच्या पापुद्र्याहून जेमतेम जाड. म्हाताऱ्याने ते उचलून माझ्या तळहातावर ठेवलं.

"हे वाकतंय," मी म्हणालो.

"तुमी वाकनार हाय का?"

"नाही."

"मंग कुनीतरी वाकाया पायजे."

बाजूचे हसले. मालकही हसला, ते मला जास्त लागलं. पण सालपट मी खिशात घातलं.

घरी ते कढत पाण्यात मऊ केलं, ऐरणीखाली दाबून सपाट केलं, कात्रीने पानाच्या आकारात कापलं आणि कानशीने कडा घासल्या. एकुलती तार चढवली. वाजवून पाहायची हिंमत झाली नाही.

रविवारी तालमीच्या खोलीत शिरलो तर कारकुनाने मेंडोलिन पिशवीतून काढून सुरात लावून ठेवलं होतं. मास्तरांनी पेटी उघडली. पहिलं कडवं गेलं. नखी तारेवरून सरकत होती, आवाज मऊ येत होता, माझ्या सवयीच्या निम्मा.

"शेठ," कोपऱ्यातून आलं, "वाजवताय का वारा घालताय?"

मनगट आवळलं. मला ते कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. पुढचा फटका सगळ्या रागानिशी बसला. नखी पार दुमडली, तारेवरून निसटली, पुन्हा सरळ झाली. तार थरथरली. गायकाने गाता गाता मान दुसरीकडे वळवली.

तार तुटली नाही. गाणं संपलं तरी सगळे तिच्याकडेच बघत होते.

"ठीक," मास्तर म्हणाले. "जागा तुमची."

इथे गप्प बसायला हवं होतं. सौदा ठरल्यावर वर काही मागणारं गिऱ्हाईक मी दुकानातून हाकलून देतो. पण मी म्हणालो, "मास्तर, ते पान्याचं बोलणं मागे घ्या. इथेच, सगळ्यांसमोर."

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "त्या दिवशी तार तुटली होती. बोललो ते खरं होतं."

"आज नाही तुटली."

"म्हणून जागा दिली. आता सांगा, जागा हवी की शब्द? दोन्ही देणार नाही."

कारकुनाने मेंडोलिनची एक तार हळूच छेडली. तबलजी छताकडे बघत होता. मी मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. समोरचा किती ताणेल हे मला तोंडावरून कळतं, त्यावरच मी जगलो आहे. हा माणूस एक पैसाही खाली येणार नव्हता. कान तापले होते. दार उघडं होतं आणि बाहेर माझी सायकल होती.

"पुढचं गाणं कोणत्या पट्टीत?" मी विचारलं.

"काळी दोन," मास्तर म्हणाले.

कोपऱ्यात मेंडोलिन पिशवीत जात होतं. मी खुंट्या पिळायला घेतल्या.